मोहल्ल्याचे मत

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात मोहनखेडा येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी निवडणुकीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटले असेल. चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली तेव्हा शिक्षणावर किंवा ग्रंथालयावर बोलावे असाच आमचा प्रथम विचार होता. ते विषय निरुपद्रवी आहेत, आणि त्यांवर बोलणाऱ्यास टाळ्याही मिळतात. परंतु २०२४ च्या जून महिन्यापासून आपल्या सभासद-कुटुंबांत कोठे कोठे जे अंतर पडले आहे ते आपण सर्व जाणतो, आणि त्याविषयी बोलत मात्र कोणी नाही. दोन घरांमधून एकमेकांकडे जाणारे फराळाचे ताट त्या वर्षी गेले नाही. ट्रस्टच्या व्हॉट्सॲप समूहातून काही मंडळी एका रात्रीत बाहेर पडली, ती अजून परतली नाहीत. धर्मादाय संस्थेचे खरे भांडवल बँकेतील ठेव नसून सभासदांची एकमेकांवरील माया हे असते; त्या भांडवलाला गळती लागली असेल तर महोत्सवात त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते. शिवाय आम्ही आपल्यात दोन अर्थांनी थोडे वेगळे आहोत. एक तर शाळामास्तर आहोत आणि दुसरे म्हणजे मुसलमान आहोत. या विषयावर आम्ही बोललो नाही तर ते सभ्यपणाचे न ठरता भित्रेपणाचे ठरेल.

४ जून २०२४ या दिवशी माळव्यातील मराठी घरांत एक विचित्र प्रकार घडला. मध्यप्रदेशात लोकसभेच्या २९ पैकी २९ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या, १७ महायुतीने आणि सांगलीची एक अपक्षाने. आता आपल्यापैकी कोणाचे माहेर साताऱ्याचे, कोणाचा भाऊ पुण्यास, कोणाची मुलगी नाशकास. फोनच्या या टोकाला पेढे वाटले जात होते आणि त्या टोकालाही पेढे वाटले जात होते, पण पेढ्यांचे कारण एक नव्हते. देशाच्या निकालाचाही अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. भारतीय जनता पक्षाच्या २४० जागा आल्या, म्हणजे स्वबळावरचे बहुमत गेले. मित्रपक्षांसह २९३ आल्या, म्हणजे सत्ता राहिली. जिंकलेल्यांना पुरते जिंकल्यासारखे वाटेना आणि हरलेल्यांना हरल्यासारखे वाटेना. अशा निकालानंतर माणसे दोषी शोधू लागतात.

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत हा शोध आठवड्याभरात येऊन पोहोचला. एका सहकाऱ्याने मोबाईलवर मतदान केंद्रांची यादी उघडली, बोटाने ती खाली सरकविली आणि आमच्या मोहल्ल्याच्या केंद्रापाशी थांबून तो म्हणाला, "सर, तुमच्या लोकांनी बघा काय केले आहे." त्याच्या बोलण्यात विष नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो, तो भला माणूस आहे, आणि आमच्या आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसला होता. परंतु "तुमचे लोक" हा शब्द त्याच्या तोंडी पूर्वी नव्हता. तो त्या यादीने त्याला दिला. म्हणून त्या यादीविषयी थोडे सविस्तर बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी ज्यांनी निवडणुकीचे काम केले आहे त्यांना पुढील गोष्टी ठाऊक आहेत. त्यांनी थोडा धीर धरावा. धार, देवास, इंदूर येथे १३ मे २०२४ रोजी मतदान झाले. आम्ही मतदान केंद्राध्यक्ष होतो, ज्याला आपल्याकडे पीठासीन अधिकारी म्हणतात. आदल्या दिवशी यंत्रे, शाई, मोहोरबंद करावयाच्या पट्ट्या आणि नमुन्यांची गठडी घेऊन केंद्रावर मुक्काम करावयाचा. पहाटे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मते टाकून यंत्राची परीक्षा द्यावयाची आणि ती मते पुसून मग खऱ्या मतदानास आरंभ करावयाचा. मतदार येतो, नोंदवहीत सही करतो, डाव्या तर्जनीवर शाई लावून घेतो आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो. कागदाची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते, लांब शिटी वाजते, आणि झाले. त्या आडोशामागे काय घडले हे नवऱ्यास, सासूस, सरपंचास किंवा मौलवीस कळावयाचे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमाने कोणावरही आपले मत कोणास दिले हे सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि १२८ व्या कलमाने आमच्यासारख्या कर्मचाऱ्याने गुप्तता फोडली तर त्याला तुरुंगात जावे लागू शकते. माणसाच्या मताला एवढे कडेकोट कुलूप आहे.

मोहल्ल्याच्या मताला मात्र कुलूप नाही. मतमोजणी यंत्रागणिक होते. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा वाचला जातो, वेगळा लिहिला जातो, आणि पुढे अंतिम निकालपत्रकात केंद्रवार छापून सर्वांस पाहावयास मिळतो. एका केंद्रावर नावे साधारण हजार-बाराशे. म्हणजे दोन-तीन गल्ल्या किंवा एखादे लहान खेडे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा आवश्यक वाटेल तेथे निरनिराळ्या पेट्यांतील मतपत्रिका मिसळून मग मोजाव्यात, असा आदेश देण्याची तरतूद निवडणूक संचालन नियमांत होती. यंत्रे आली आणि मिसळण्याची सोय गेली. मध्यप्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत १९९८ साली यंत्रे वापरून पाहिली गेली, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सबंध देशात यंत्रांवर झाली.

निवडणूक आयोगाला ही उणीव दिसली नव्हती असे नाही. २००८ साली आयोगाने 'टोटलायझर' नावाचे उपकरण सुचविले होते. चौदा यंत्रे एकत्र जोडावयाची आणि चौदांची मिळून एकच बेरीज बाहेर यावयाची, म्हणजे कोणत्या गल्लीने काय केले हे कळणार नाही. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र शासनाने ती स्वीकारली नाही. केंद्रवार आकडे कळले तर जेथे मते कमी पडली त्या भागात उमेदवार अधिक लक्ष घालील, असे शासनाचे म्हणणे पडले. या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. वर्गात कोणाला भागाकार येत नाही हे कळल्याखेरीज त्याच्याकडे लक्ष देता येत नाही, हे मास्तराला कोणी सांगावयास नको. परंतु नापास मुलांची यादी गावाच्या चावडीवर लावली तर तिचा उपयोग शिकविण्यासाठी होत नाही, चिडविण्यासाठी होतो, हेही मास्तरच जाणतो.

आता चिडविण्याचा तो प्रकार केवढा वाढू शकतो हे सांगण्यासाठी आपल्याला आपल्या जिल्ह्यातून बाहेर पडावे लागेल. पण फार दूर नाही. धामनोदवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता पुढे सेंधवा, शिरपूर ओलांडून धुळ्यास जातो आणि तेथून मालेगावास. आपल्यापैकी पुष्कळांचा तो नाशिक-मुंबईचा नेहमीचा रस्ता आहे. धुळे लोकसभा मतदारसंघात २० मे २०२४ रोजी मतदान झाले. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ मते पडली आणि भारतीय जनता पक्षाचे सुभाष भामरे यांना ५,८०,०३५. अंतर अवघे ३,८३१. भामरे सहापैकी पाच विधानसभा विभागांत पुढे होते. सहावा विभाग मालेगाव मध्य. तो यंत्रमागाचा, मुसलमान वस्तीचा. तेथे बच्छाव यांना १,९८,८६९ आणि भामरे यांना ४,५४२ मते होती. पाच ठिकाणची आघाडी एका ठिकाणी बुडाली.

हे आकडे बाहेर पडताच जे व्हावयाचे ते झाले. पुढे त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभेच्या प्रचारात 'व्होट जिहाद' असा शब्द निघाला आणि देवेंद्र फडणवीस यांच्यासारख्या मोठ्या नेत्याने धुळ्याचा दाखला देऊन तो वापरला. दुसऱ्या बाजूसही काही धर्मगुरूंनी अमुक आघाडीलाच मते द्या असे जाहीर आवाहन करून त्या शब्दाला खतपाणी घातले. ते आम्हांस तितकेच अप्रशस्त वाटते. मौलवीने उमेदवार सांगू नये आणि महंतानेही सांगू नये.

आम्ही गणित शिकवितो, म्हणून आपल्याला एक वजाबाकी करावयास सांगतो. बच्छाव यांच्या एकूण मतांतून मालेगाव मध्यची मते वजा केली तर ३,८४,९९७ उरतात. ही मते कोठून आली? धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण आणि मालेगाव बाह्य येथून. थोडी टपाली मते सोडली तर त्यांच्या दर शंभर मतांतील सहासष्ट मते मालेगाव मध्यच्या बाहेरची आहेत. या पाच विभागांत शेतकरी आहेत, आदिवासी आहेत, व्यापारी, नोकरदार, सर्व जातिधर्मांचे लोक आहेत. त्यांपैकी चार हजार लोकांनी दुसरे बटण दाबले असते तरी निकाल उलटा लागला असता. मग निकाल मालेगावने लावला की शिंदखेड्याने की बागलाणने? गणिताचे उत्तर असे की सर्वांनी मिळून लावला. चार मजुरांनी तुळई उचलली तर शेवटी हात लावणाऱ्यानेच ती उचलली असे आपण म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, वजाबाकी ठीक आहे. परंतु शंभरातली जवळजवळ अठ्ठ्याण्णव मते एका बाजूला पडावीत हे काय आहे? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणे आम्हांस शोभणार नाही. एवढी एकतर्फी मते पडतात तेव्हा त्यामागे बहुधा भीती असते, रोष असतो, किंवा दुसरा पक्ष दारात आलाच नाही हे असते. यांपैकी काहीही असले तरी ते आरोग्याचे लक्षण नव्हे. परंतु यावरून "हे लोक नेहमीच गठ्ठ्याने मते देतात, हा त्यांचा स्वभावच आहे" असे अनुमान काढावयाचे असेल तर पाचच महिने पुढे जावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मालेगाव मध्य विभागात विधानसभेचे मतदान झाले. त्याच गल्ल्या, तेच यंत्रमाग, तीच माणसे. मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मते पडली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आसिफ शेख यांना १,०९,४९१. अंतर १६२ मतांचे. ज्या गावाला उभ्या देशाने एकच गठ्ठा म्हटले होते, त्या गावाने दोन लाख मतांची बरोबर मधोमध दोन शकले केली. काँग्रेसच्या उमेदवारास तर तेथे कोणी फारसे विचारलेही नाही. 'गठ्ठा' म्हणणाऱ्यांनी ही बातमी कितपत वाचली कोण जाणे. आमच्या शिक्षकखोलीत ती कोणी उघडून दाखविली नाही.

काय बदलले होते? माणसे नव्हेत, विचारलेला प्रश्न बदलला होता. मे महिन्यात प्रश्न दिल्लीचा होता, नोव्हेंबरात पाणी, रस्ते आणि गावातल्या दोन पुढाऱ्यांचा. परीक्षेत जसे उत्तर प्रश्नाला असते तसे मतही त्या दिवशी समोर ठेवलेल्या प्रश्नाला असते. उत्तरपत्रिका पाहून मुलाचा स्वभाव सांगणारा मास्तर कच्चा समजावा.

याचा याहून चांगला दाखला गोमंतकात सापडतो, आणि तो मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत घेण्यात आले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्या निकालाने घरे दुभंगली, भाषेवरून भाऊ-भाऊ बोलेनासे झाले, हे जुन्या लोकांस आठवते. आता पुढची गोष्ट ऐका. त्याच वर्षी मार्च महिन्यात तेथे विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच बहुमत दिले. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत ज्यांची मागणी नाकारली, मार्चमध्ये त्यांच्याच हाती राज्य दिले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ज्यांनी शेजाऱ्याला 'त्या बाजूचा' म्हणून टाकले असेल, त्यांना दोन महिन्यांनी हिशेब कसा लावावा हे कळले नसेल. आम्हांस हा प्रसंग फार आवडतो आणि दरवर्षी दहावीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही तो सांगतो. तो विषय वस्तुतः आमचा नाही, पण त्याचे शिक्षक कृपाळू आहेत.

हा रोग केवळ मुसलमान वस्तीलाच होतो असे समजू नये. त्याच २०२४ च्या निकालानंतर अयोध्येचे काय झाले ते आपण मोबाईलवर पाहिलेच असेल. फैजाबाद मतदारसंघात समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद ५४,५६७ मतांनी निवडून आले, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून अयोध्येच्या हिंदू रहिवाशांवर शिव्यांचा वर्षाव झाला. कृतघ्न म्हटले गेले, त्यांच्या दुकानांतून काही विकत घेऊ नका असे सांगितले गेले. गंमत अशी, की गंमत म्हणावी की दुर्दैव, अयोध्या या विधानसभा विभागात भारतीय जनता पक्षाचाच उमेदवार थोडा पुढे होता. तो मागे पडला तो इतर विभागांत. म्हणजे शिव्या देणाऱ्यांनी यादीदेखील नीट वाचली नव्हती. पेढेवाला, फुलवाला, धर्मशाळेतला नोकर अशा गरीब माणसांनी त्या शिव्या खाल्ल्या. आज आपण ज्या तीर्थाच्या ठिकाणी बसलो आहोत तेथेही अशीच माणसे आहेत. पौष शुद्ध सप्तमीस, गुरुसप्तमीच्या उत्सवाला, येथे लांबलांबून यात्रेकरू येतात. फुले विकणाऱ्याला "तुझ्या केंद्राचा आकडा काय?" असे विचारून कोणी फुले घेऊ लागला तर कसे वाटेल, याचा विचार करावा.

आमच्या इंदूरचा आकडा तर याहून नवलाचा. तेथे काँग्रेसच्या उमेदवाराने अखेरच्या दिवशी अर्ज मागे घेतला. शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांच्या फरकाने निवडून आले, आणि 'वरीलपैकी कोणी नाही' या बटणावर २,१८,६७४ मते पडली. एवढी मते त्या बटणाला देशात पूर्वी कोठेच पडली नव्हती. हे दोन लाख लोक कोण? त्यात सराफा बाजारातले असतील, राजवाड्याजवळचे मराठी असतील, गिरण्यांच्या चाळींत वाढलेले असतील. त्यांची जात-धर्म विचारण्याच्या भरीस कोणी पडले नाही. ते बरे झाले. आमचे म्हणणे एवढेच की ही सवलत सर्वांना मिळावी.

जिंकलेल्यांनी कसे वागावे आणि हरलेल्यांनी कसे, याविषयी उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु धार लोकसभा मतदारसंघात महू येते, आणि महू म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. १९५२ साली पहिल्याच लोकसभा निवडणुकीत घटनेच्या या शिल्पकाराचा मुंबईत नारायणराव काजरोळकर यांनी १४,५६१ मतांनी पराभव केला. बाबासाहेबांना मतदानाच्या रीतीविषयी शंका होती, म्हणून त्यांनी अशोक मेहता यांच्यासह न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. अर्ज टिकला नाही. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले आणि तेथे बोलू लागले. शंका आली तर कायद्याने दाद मागावी आणि तोवर आपले काम थांबवू नये, इतके त्यातून घेता येण्यासारखे आहे.

त्याच पहिल्या निवडणुकीची आणखी एक हकीकत आपल्या भागाशी संबंधित आहे. मतदारयाद्या तयार होत होत्या तेव्हा असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगण्याचे नाकारले. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच त्या लिहवीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मान्य केले नाही. स्वतःचे नाव नसेल तर नोंद नाही, असे त्यांनी ठरविले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांत मोठा भाग बिहार, उत्तरप्रदेश, राजस्थान, विंध्यप्रदेश आणि मध्यभारत येथील होता. मध्यभारत म्हणजे आपणच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धार आणि देवास त्याच राज्यात होते. आपल्या पणज्या-आज्यांतील कित्येकजणी त्या २८ लाखांत असतील. तो निर्णय कठोर होता. पण त्यामागची दृष्टी अशी होती की मत हे बाईचे असते, ती ज्याची बायको आहे त्याचे नसते. पुढच्या निवडणुकांत स्त्रियांनी नावे सांगितली. आज आमची मुलगी स्वतःच्या नावाने मत देते आणि कोणाला दिले ते आम्हांस सांगत नाही. विचारले तर हसते. आणि आता आपण सर्वांनी मिळून तिची पुन्हा "अमक्या मोहल्ल्याची" अशी नोंद करावयास आरंभ केला आहे.

येथे आमच्या मोहल्ल्याचेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही एकाच बाजूची तक्रार घेऊन उभे राहिलो असे होईल. निकालानंतर आमच्या गल्लीतील एका दुकानदाराने, तो मुसलमानच, आपण जिंकलेल्या पक्षाला मत दिले असे मोकळेपणी सांगितले. रस्ता झाला, घरकुलाचे पैसे मिळाले, म्हणून दिले, असे त्याचे कारण. त्याच्या दुकानावर दोन महिने शुकशुकाट होता. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. ज्यांना बाहेर "गठ्ठा" म्हटल्याचे दुःख होत होते त्यांनीच घरात गठ्ठ्याबाहेर पडलेल्याला शिक्षा केली. आम्ही त्याच्या दुकानावरून सामान घेत राहिलो. त्यात शौर्य काही नाही, त्याचा गूळ चांगला असतो. परंतु त्या दोन महिन्यांत आम्हांस कळले की केंद्रवार यादी बाहेरच्यांच्या हाती जितकी घातक आहे तितकीच ती आतल्यांच्याही हाती आहे. "आपल्या केंद्रावर कमळाला अकरा मते पडली, ते अकरा कोण?" असा शोध आमच्याकडे चालला होता. दुसऱ्या बाजूच्या वस्तीतही पंजाची सतरा मते पडली, ते सतरा कोण, असा शोध चालला होता हे आम्हांस मागाहून समजले. दोन्हीकडे दुर्बीण एकच.

आपण माळव्यातल्या लोकांनी तरी या बाबतीत थोडे शहाणपण दाखवावयास हरकत नाही, कारण दोन सत्तांखाली एका गावात राहण्याचा सराव आपल्या पूर्वजांना होता. देवास हे एकच गाव, परंतु थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने तेथे नांदत होती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि सरहद्द गावाच्या रस्त्यातून गेलेली. मानपानावरून दोन्ही दरबारांत कुरबुरी होत; पण बाजार एक होता. या पातीचा गवळी त्या पातीत दूध घालीत असे आणि त्या पातीची मुलगी या पातीत सून म्हणून येत असे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि सरहद्द रस्त्यात विरून गेली. देवासच्या सभासदांना हे आमच्यापेक्षा चांगले सांगता येईल. त्यांच्यापैकी काहींच्या घरी अजून "आम्ही थोरल्या पातीचे" असे थट्टेने म्हणतात, आणि त्यावर कोणी फराळाचे ताट अडवून धरीत नाही.

टोटलायझर आणावयाचा की नाही हे दिल्लीस ठरेल. तो आपल्या ट्रस्टच्या अधिकारातला विषय नाही. व्यक्तिशः तो यावा असे आमचे मत आहे, आणि काही पक्षांनी त्याविषयी फारसा उत्साह दाखविलेला नाही, यावरून त्यात लोकांचे काही हित असावे असा आम्हांस संशय येतो. असो. आपल्या अधिकारात ज्या गोष्टी आहेत त्यांविषयी दोन सूचना मांडून आम्ही रजा घेतो.

आपले सभागृह मतदान केंद्र म्हणून दिले जाते. मागील वेळी निकालानंतर सभागृहाच्या बाहेरील फलकावर कोणीतरी केंद्रवार आकड्यांचा कागद डकविला होता आणि तो पंधरा दिवस तेथेच राहिला. यापुढे असा कागद ट्रस्टच्या कोणत्याही फलकावर लावू नये, आणि ट्रस्टच्या समूहावर अशी यादी कोणी टाकल्यास व्यवस्थापकांनी ती काढून टाकावी, कोणत्याही पक्षाची असली तरी. ही पहिली सूचना. दुसरी शिष्यवृत्ती समितीसंबंधी आहे. गेल्या खेपेस अर्जांची छाननी चालू असता एका मुलाच्या पत्त्यावरून "हा त्या केंद्राचा" असे उद्गार निघाले, असे आमच्या कानावर आले आहे. शिष्यवृत्ती त्या मुलाला मिळाली, ही समाधानाची गोष्ट. तरी छाननी करणाऱ्यांकडे जाणाऱ्या प्रतीवर पत्त्याचा रकाना झाकलेला असावा आणि फक्त गुण व उत्पन्न एवढेच दिसावे. आमच्या शाळेत उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असतो. त्यात खर्च काही नाही, एक चिकटपट्टी लागते.

दोन्ही सूचना ठरावाच्या रूपाने लिहून आम्ही चिटणीसांकडे दिल्या आहेत. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदक म्हणून शिक्षकखोलीतील आमच्या त्याच सहकाऱ्याने सही केली आहे, ते ट्रस्टचे जुने सभासद आहेत आणि आज येथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ठरावाच्या प्रती बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुपारच्या सर्वसाधारण सभेत तो मतास टाकला जाईल. मतदान गुप्त पद्धतीने व्हावे आणि सर्व चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकाव्यात, अशी विनंती आम्ही अध्यक्षमहाराजांना केली असून त्यांनी ती मान्य केली आहे.